पितृपक्षात मांडलेला संसार

ती घटना आठवली की आजही मला आधी त्या बाईचा आवाज ऐकू येतो आणि मग त्या एजंटचा उतरलेला चेहरा दिसतो. दिवा स्टेशनचा परिसर तेव्हा आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत होता. डोंबिवलीत परवडत नाही म्हणून माणसं दिव्याला येतात, तिथंही जमेना की टिटवाळ्याकडे सरकतात. मोजक्या पगारात डोक्यावर छप्पर हवं, एवढीच त्यांची मागणी असते.

पितृपक्ष चालू होता. हा पंधरवडा ठाण्यात जरा निवांत जातो. लग्नं नाहीत, मिरवणुका नाहीत आणि नव्या घरात तर कोणी पाऊलही टाकत नाही. अशा दिवसांत एक घरांचा एजंट तक्रार अर्ज घेऊन आला. एका बाईनं झाडून-पुसून घेते म्हणून त्याच्याकडून खोलीची चावी नेली आणि दोन मुलींना घेऊन सरळ राहायलाच आली, असं त्याचं म्हणणं. करार झालेला नाही, तेव्हा लेडीज कॉन्स्टेबल पाठवा, अर्ध्या तासाचं काम आहे, असंही त्यानं सुचवलं. माझ्या कामाला किती वेळ लागतो हे मला दुसऱ्यानं सांगितलेलं कधीच आवडलं नाही. महिला अंमलदाराला घेऊन मी स्वतः निघालो.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. बाई दारातच बसली होती, आत गॅसवर भात शिजत होता. ती डोंबिवलीत एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. नवरा वारलेला. ती राहायची ती जुनी इमारत धोकादायक ठरवून रिकामी केली, तेव्हा होतं ते सोनं मोडून तिनं ही खोली हेवी डिपॉझिटवर घेतली होती. म्हणजे एकदाच मोठी अनामत द्यायची, महिन्याचं भाडं नाही आणि सोडताना रक्कम परत. महिन्याच्या भाड्याची धास्ती असणाऱ्यांना हा मार्ग सोपा वाटतो. एजंटनं तिला घटस्थापनेला राहायला या म्हणून सांगितलं होतं. तोवर मुलींना कुठं ठेवायचं, हे मात्र तो बोलला नव्हता.

शेजारची एक म्हातारी मला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटली की, या दिवसांत घर मांडलं, पितर काय म्हणतील. बाईनं तिच्याकडे न बघता मलाच उत्तर दिलं.

"माझे सासू-सासरे जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिले, साहेब. दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड उचललं त्यांनी. ते कशाला रागावतील? आत त्यांच्याच पानासाठी भात ठेवलाय. मी इथून हलणार नाय."

मी तिला हलवणारही नव्हतो. ज्यानं राहायला पैसे घेतले, त्याच्या एका अर्जावर पोलिसांनी कोणाचं बिऱ्हाड बाहेर फेकायचं नसतं, त्याला कोर्टाचा हुकूम लागतो. ठाण्यात परतलो तर एका पुढाऱ्याच्या माणसाचा फोन आला. बाई फुकटी आहे, लवकर उरका, असा त्याचा सूर होता. मी म्हटलं, हे लेखी पाठवा, मी लेखी उत्तर देतो. लेखी काही आलं नाही. आम्ही स्टेशन डायरीत नोंद केली आणि बाई राहिली.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. ज्या पंधरवड्यात एजंटला गिऱ्हाईक मिळत नाही, त्यात आलेलं गिऱ्हाईक हा घालवायला का बघतोय? त्यातही घटस्थापनेच्या आत खोली रिकामी हवी, हेच त्याचं पालुपद.

दुसऱ्या दिवशी बाई आपणहून ठाण्यात आली. तिची तक्रार वेगळीच होती. कोणी एक नवरा-बायको खिडकीच्या पडद्याचं माप घ्यायला आले होते आणि तिलाच विचारत होते की, तुम्ही खोली कधी सोडताय.

मी एजंटला बोलावून बाकावर बसवलं, चहा दिला आणि माझी कामं करत राहिलो. खोटं बोलायची तयारी करून आलेल्या माणसाला कोणी काही विचारलंच नाही, की तो अर्धा होतो. मग सहज विचारल्यासारखं म्हटलं, "पडद्याचं माप घेऊन गेले ते कोण?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि घाम पुसला. जबाब सुरू झाला. ती एकच खोली त्यानं कितीतरी कुटुंबांना दाखवून प्रत्येकाकडून अनामत घेतली होती. सगळ्यांना घटस्थापनेचाच वायदा. पितृपक्षात कोणी फिरकणार नाही, घटाच्या आदल्या दिवशी हा पसार होणार, असा बेत. खोलीचा मालक कोकणात गावी, त्याला पत्ताच नव्हता. बाई तिथं राहताना दिसली तर बाकीच्यांना संशय येईल, म्हणून ती त्याला बाहेर हवी होती. रीत पाळणाऱ्या माणसांच्या भरवशावर त्यानं बाईला चावी दिली, तिथंच तो फसला. फसवणुकीचा गुन्हा दाखल करून आम्ही त्याला अटक केली. काही रक्कम हाती लागली, बाकीची लढाई कोर्टात गेली.

फसलेली कुटुंबं ठाण्यात जमली, तेव्हा त्यातला एक गृहस्थ बाईवरच उखडला. "आम्ही रीत पाळली म्हणून आम्ही बाहेर, आणि हिनं मोडली म्हणून ही आत?"

"मी बसले म्हणून तो सापडला, दादा," ती म्हणाली. "मी पण तुमच्यासारखी घटाची वाट बघत बसले असते, तर आज आपण सगळे कुलपासमोर उभे असतो."

गृहस्थ बाकावर बसून आपला जबाब देऊ लागला. पण एजंट सापडला म्हणून बाईचं छप्पर पक्कं झालं, असं नव्हतं. मालक गावाहून आला तो खोली परत मागत. त्याच्या हाती तिचा एक रुपया पोचला नव्हता, कायद्यानं त्याची बाजू पक्की होती. बाईनं रडारड केली नाही. महिन्याचं भाडं घ्या, करार नोंदवा, पण मुलींना घेऊन मी जिना उतरणार नाही, कोर्टात जायचं तर जा, असं तिनं त्याला तोंडावर सांगितलं. मी तिथंच होतो; मालकानं दारातून आत नजर फिरवली. मग मला म्हणाला, बंद खोलीनं मला काय दिलं, भांडखोर का होईना, माणूस तरी राहील. करार नोंदवला गेला आणि बाई त्याच खोलीत राहिली.

निवृत्तीनंतर ओळखीपाळखीचे लोक भाड्याची खोली घेण्याआधी माझा सल्ला विचारतात. मी सांगतो, मालकाला समोरासमोर भेटल्याशिवाय अनामत देऊ नका, करार नोंदवा आणि चावी मिळाली की त्याच दिवशी राहायला जा. कोणी तिथी विचारली की मला त्या मुली आठवतात. मी स्वतः दरवर्षी श्राद्ध करतो. पण ज्याला आज रात्री डोकं टेकायला जागा नाही, त्याला पंधरा दिवस थांब म्हणायचा अधिकार जिवंत माणसांना नाही आणि मेलेल्यांनाही नाही. माझ्या घरचे यावर रागावतात. खुशाल रागावू देत.