काळा सेन्सर

खोपटला एसटी डेपोच्या मागे माझं गॅरेज होतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, की कुठे काय वाजतंय ते मी डोळे मिटून सांगायचो. नौपाड्यातले एक डॉक्टर पंधरा वर्षं माझ्याकडेच गाडी आणायचे. "तुमचं-माझं काम एकच हो," असं हसून म्हणायचे. मला त्याचा केवढा माज!

नव्वदचं दशक संपता संपता त्यांनी नवी गाडी घेतली, कार्बोरेटर नसलेली. वर्षभरात समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा पेटला. तसली गाडी मी आयुष्यात उघडली नव्हती. सरळ कंपनीच्या वर्कशॉपला पाठवायची ना! पण हा माणूस एकदा तिकडे गेला की परत येणार नाही, ही भीती. "ठेवून जा, संध्याकाळी न्या," म्हणालो.

बॅटरीची वायर काढून परत लावली. दिवा विझला. दोन दिवसांत पुन्हा पेटला, डॉक्टर पुन्हा दारात. मग गाडीखाली शिरलो. सायलेन्सरच्या पाइपात धूर तपासणारा एक सेन्सर बसवलेला, दिसायला थेट स्पार्क प्लग, काजळीने काळा झालेला. आमच्या धंद्यात काळा प्लग दिसला की हात आपोआप पॉलिश पेपरकडे जातो. खरवडला, पेट्रोलमध्ये बुडवला, फुंकर मारून बसवला. वर छाती फुगवून म्हणालो, "झालं डॉक्टर, आता काळजी नको."

दुसऱ्या दिवशी दिवा तर पेटलाच, वर गाडी काळा धूर ओकायला लागली. डॉक्टर म्हणाले, "वर्कशॉपला जातोय, तुम्हीही चला." गेलो.

तिथल्या माणसाने कॉम्प्युटर जोडला, मग गाडी वर घेतली. सेन्सरची वायर सायलेन्सरला टेकून जळालेली. बस, एवढंच होतं. मग त्याने सेन्सर काढून उजेडात धरला. "हा चांगला होता हो. कोणी घासून मारला?"

डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय माहीत."

परतताना गाडीत एकच बोलले. "एखादा आजार मला कळला नाही, तर मी पेशंटला पुढे मोठ्या डॉक्टरकडे पाठवतो. तुम्ही का नाही पाठवलंत?"

गॅरेजपाशी उतरलो.

त्यानंतरही ते येत राहिले. दारात थांबून काच खाली करायचे, म्हणायचे, "चाकांत हवा तेवढी बघा." मी चारही चाकं दोनदोनदा बघायचो. बॉनेट उघडायला त्यांनी मला पुन्हा कधीच सांगितलं नाही.