‘ॲडजस्ट’चं भाषांतर

“बघा रे, ही आमची समाजसेविका. युरोपातल्या बायकांचे संसार मोडते. तेही घरबसल्या, व्हिडिओवर!”

अमेरिकेत, अल्फारेटातल्या आमच्या मराठी मंडळाचं दिवाळीचं जेवण. रविवार. माइक डॉक्टरकाकांच्या हातात. अख्खा हॉल हसला. मीही हसले. हातात श्रीखंडाचा चमचा होता, तो खाली ठेवून हसले. नीट हसता यावं म्हणून.

हसणं मला चांगलं जमतं. एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढं एक कौशल्य कमावलंय.

खरं तर मी मोडत काहीच नव्हते. युरोपातल्या बायकांच्या संघटना एकमेकींना धरून काम करतात. बाई हॉलंडात अडकली तर बेल्जियममधली संस्था तिला खोली देते, जर्मनीतली वकीलबाई तिचे कागद बघते. मराठी मात्र त्यांच्यापैकी एकीलाही येत नव्हती. माझ्या लेकीनं त्यांना दुभाषी म्हणून माझं नाव दिलं. “मॉम, यू टॉक ऑल डे एनीवे.”

आदल्या शुक्रवारी हॉलंडातून एक पोरगी स्क्रीनवर आली. मूळची साताऱ्याकडची. शेजारणीनं तिला संस्थेपर्यंत आणलेलं. संस्थेच्या डच बाईंनी मला विचारायला सांगितलं, घरी त्रास आहे का?

“तसं काही नाही हो मावशी. थोडं ॲडजस्ट करायला लागतं.” आणि तिनं ड्रेसची बाही मनगटापर्यंत ओढली.

मी शब्दाला शब्द ठेवला. शी इज ॲडजस्टिंग. डच बाई खूश. मुलगी परक्या देशात रुळतेय, असं त्यांना वाटलं. बेल्जियममधली खोली दुसरीला द्यायचं ठरलं.

बाही मी पाहिली होती. त्या एका शब्दात आपण काय काय कोंबतो, तेही मला ठाऊक होतं. पण स्क्रीनवर सगळ्या हसत होत्या. मग मीही.

इकडे हॉलमध्ये काका थांबले नव्हते. “अगं, सांग की त्या पोरींना, जरा ॲडजस्ट करा म्हणावं! आमच्या हिनं नाही केलं?”

काकू शेजारीच होत्या. ताटातल्या पुरीचे तुकडे करत बसल्या. खाल्ला एकही नाही.

मी उठले. “काका, तुम्ही काकूंना विचारलंय कधी?”

माझ्या नवऱ्यानं हळूच पदर ओढला. “बस ना यार.”

पदर सोडवला. पार्किंगमध्ये जाऊन गाडीतून डच बाईंना फोन लावला. म्हटलं, मी चुकीचं सांगितलं. तो शब्द तुमच्या इंग्रजीतला नाही. खोली कुणाला देऊ नका. तिला परत विचारू या.

दुसऱ्या दिवशी, तिचा नवरा ऑफिसला गेल्यावर, पोरगी पुन्हा स्क्रीनवर आली. या वेळी मी सरळ विचारलं, “मारतो का?”

ती म्हणाली, “मावशी, तुम्हाला शुक्रवारीच कळलं होतं ना?”

“हो.”

डच बाईंनी विचारलं, काय म्हणतेय ती? मला तेही भाषांतर करून सांगावं लागलं. तिचा प्रश्न. माझं उत्तर.

खोली मिळाली. पोरगी बेल्जियमला गेली. मधला शनिवार-रविवार तिनं कसा काढला, ते तिनं सांगितलं नाही. विचारायची माझी लायकी नाही.

मंडळानं मला नाटकाच्या कमिटीतून काढलं. चहाच्या कमिटीत ठेवलं, चहा बरा करते म्हणून. ती कमिटी मीच सोडली.

तो शब्द आता मी जसाच्या तसा पुढे ढकलणार नाही. कुणाचाही. बुधवारी काका गोल्फला जातात. तेव्हा काकूंना फोन करणार आहे. आणि सरळ विचारणार आहे.