धोका निम्मा, आयुष्य दुप्पट

माझ्या नणंदेला घरात सगळे ‘दशांश’ म्हणतात. चहात साखर किती, असं विचारलं तरी “पाऊण चमच्याहून जरा कमी” असं उत्तर येतं. एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात, बिनखिडकीच्या खोलीत बसून औषधांच्या चाचण्यांचे आकडे लावायचं तिचं काम. कुठल्या औषधावर माणसं किती जगली, हे शोधायचं.

नव्या गोळीचा निकाल तिनेच काढला. धोक्याचं गुणोत्तर आलं ०.५. साहेबांनी पत्रकात लिहिलं, ‘धोका निम्मा, आयुष्य दुप्पट.’ पहिलं बरोबर, दुसरं चूक, असं ती म्हणाली. “बाई, लोकांना कळेल असं लिहावं लागतं. तुमचं म्हणणं खाली बारीक अक्षरात टाकू,” साहेब म्हणाले. तिने सही केली. छापून आलं तेव्हा बारीक अक्षरं गायब होती.

आणि ती गोळी ज्या आजारावरची, तोच माझ्या नवऱ्याला, म्हणजे तिच्या सख्ख्या दादाला.

तो शिंपी. गोळीने बोटं बधिर होतात, सुई धरवत नाही. पण डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन वर्षांची त्याने मनातल्या मनात चार करून टाकली आणि गोळी सुरू करून दुकान कारागिराच्या हवाली करायचं ठरवलं. रविवारी दशांश जेवायला आली, तर ताटातला भात नुसता चिवडत बसली. खरं सांगावं तर सही आडवी येत होती, गप्प राहावं तर दादा समोर बसलेला.

“काय गं, चार वर्षं सहन करशील ना मला?” त्याने तिला चिडवलं.

तिने ताट सरकवलं. “दादा, दुप्पट नाही रे.”

“तुमच्याच पत्रकात आहे.”

“निम्मा आहे तो धोका. एखाद्या महिन्यात गोळी घेणारा आणि न घेणारा दोघंही हयात असतील, तर त्या महिन्यात जायचा धोका घेणाऱ्याला निम्मा. पण हा आजार जुना होईल तसा दोघांचाही धोका चढत जातो. मग निम्मा झाला तरी तो मोठाच असतो. म्हणून वर्षं दुप्पट होत नाहीत.”

“मग किती?”

“इतरांची दोन, तर घेणाऱ्यांची साधारण अडीच. तुझी किती, ते माझा आकडा सांगत नाही.”

त्याने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. “अर्ध्या वर्षासाठी हात द्यायचे,” एवढंच म्हणाला. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला.

मग त्याने विचारलं, “पत्रकावर सही कुणाची?”

“साहेबांची. आणि माझी.”

“मला सांगितलंस ते बरं केलंस. बाकीच्यांनी काय करायचं गं? त्यांच्या बहिणी नसतात तुमच्या तळघरात.”

तिने तिथेच साहेबांना फोन लावला. रविवार आहे, उद्या बघू, असं ते म्हणाले. “उद्या मी सही मागे घेतेय, लेखी,” ती म्हणाली. पलीकडून नोकरी जाईल असं काहीतरी ऐकू आलं. “हो, तरीही,” ती म्हणाली. तिचा दादा उठून हात धुवायला गेला.