पानांपलीकडचा भूप

पुरुषोत्तमराव पारसनीस नियम मोडण्यास जन्मतःच असमर्थ होते. निर्मनुष्य चौकातही त्यांची गाडी थांबण्याच्या पाटीपाशी पूर्ण थांबे, आणि मागच्याने भोंगा वाजवलाच, तर आणखी थोडी थांबे. अशा गृहस्थास बिनतारी संदेशवहनाचा छंद जडावा, हे विधिलिखितच म्हणायचे. कारण त्या छंदात यंत्रांइतकेच नियम. हौशी रेडिओचा परवाना त्यांनी परीक्षा देऊन मिळवला होता व देवघराशेजारी चौकटीत लावला होता.

२००५ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरला त्यांनी सत्यजित या मित्रासह एक जाळे विणले. स्वतःचे छप्पर, सत्यजितचे छप्पर आणि मराठी मंडळ भाड्याने घेई ते सभागृह, अशा तीन ठिकाणी अँटेना उभ्या राहिल्या. एकीने चित्र व स्वर दुसरीस द्यावेत, दुसरीने तिसरीस. हेतू एकच होता. त्यांच्या मातोश्री पद्मिनीबाई, साताऱ्याच्या जुन्या गायनशिक्षिका, बर्फावर घसरल्या होत्या आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना जिना उतरण्याची मनाई होती. नात वल्लरी त्यांनीच शिकवलेली भूपाची बंदिश मे महिन्यात त्या सभागृहात प्रथमच चारचौघांत गाणार होती. जूनमध्ये पद्मिनीबाई साताऱ्यास परतणार, आणि या वयात पुनरागमन संभवत नव्हते.

"आई, कॅमेऱ्यात शूट करून आणू ना," सून संध्या म्हणाली.

"ते माझ्या वर्षश्राद्धाला लाव. मला ती गात असताना ऐकायचीय."

फेब्रुवारीत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चाचणी झाली. चित्र निर्मळ, स्वर निर्मळ. मधल्या मेपलवृक्षांचा विचार पुरुषोत्तमरावांनी केला नव्हता असे नव्हे. वड-आंब्यांच्या सावलीत वाढलेल्या त्या गृहस्थाच्या लेखी निष्पर्ण वृक्ष म्हणजे वठलेला वृक्ष. आणि मागील सारी वर्षे जर्सी सिटीच्या विसाव्या मजल्यावर काढल्याने वृक्षांशी पुनर्परिचयाचा योग आला नव्हता. त्यांनी मेपल खांब म्हणून हिशेबात धरले. मे महिन्यात खांबांना पालवी फुटली. पानांत पाणी असते, आणि पाणी त्या लहरी प्राशन करते. चित्र गेले, स्वरही गेला.

५.८ गिगाहर्ट्झचा पट्टा पानांपुढे त्याहून नाजूक. हौशी परवान्याने मात्र २.४ च्या काही भागात शक्ती वाढवण्याची मुभा होती. पुरुषोत्तमरावांनी अँप्लिफायर जोडला, चित्र परतले. सत्यजितने टाळी मागितली. पुरुषोत्तमरावांनी ती दिली नाही.

"या परवान्यावर संगीत पाठवायला बंदी आहे," ते म्हणाले. "भाषण चालतं."

"अरे यार, सात वर्षांची पोर गाणार! कोण पकडायला येतंय?"

"कोणी येणार नाही, म्हणूनच तर पाळायचं."

"मग वल्लरीला सांग, बंदिश वाचून दाखव."

पुरुषोत्तमरावांनी या सूचनेचा क्षणभर गंभीरपणे विचार केला, हे त्यांच्या चरित्रात नोंदवले पाहिजे.

उरला ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा. त्यास परवाना लागत नसे, संगीताची बंदी नव्हती, आणि त्याच्या लांब लहरी पानांतून बऱ्यापैकी निभावून जात. परंतु सत्यजितकडचे ते संच जुने होते. भरवशाने केवळ स्वरच वाहू शकत, चित्र नव्हे. शिवाय शेजाऱ्यांचे बिनतारी फोन त्याच पट्ट्यात वावरत. पुरुषोत्तमरावांनी हे सारे मातोश्रींपुढे मांडले.

"चेहरा रोज बघते मी तिचा," त्या म्हणाल्या. "सूर आण."

कार्यक्रमाच्या दिवशी संध्या वल्लरीसह सभागृहात गेली. पुरुषोत्तमराव आईच्या खोलीत यंत्रापाशी बसले. तबल्याचा ठेका आला, वल्लरीचा षड्ज आला. पद्मिनीबाईंनी पांघरुणावर हाताने ताल धरला. मुखडा दोनदा झाला आणि खोली निःशब्द झाली. शेजारी कोणीतरी फोन उचलला असावा.

पुरुषोत्तमराव ताडकन उठले.

"बस खाली."

"अगं पण आई, लिंक—"

"तिकडे ती गातेच आहे ना? बस."

आईचा हात थांबला नाही. टाळी, खाली, पुन्हा टाळी. पुरुषोत्तमराव बसले. मग स्वर परत आला, आणि मुखड्याची सम व पद्मिनीबाईंची टाळी एकाच क्षणी पडली.

"लय सोडली नाही पोरीनं," त्या म्हणाल्या. नंतर मुलाकडे न पाहता: "रडायचं असेल तर हळू रड. अंतरा आहे."