मालधक्क्याशेजारचा मळा

"हौसामाय गेली…" मावसभावाचा फोन आला, तेव्हा मला आधी आठवली ती फावडं घेऊन धावत सुटलेली हौसामाय, माझी मावशी. तेव्हाच्या औरंगाबादेत, रुळांना लागून तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, नानांचा, मेथी-पालकाचा मळा होता. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली आणि बांधापलीकडे मालधक्का झाला. सिमेंटच्या गोण्या उतरताना धूळ उडायची, पानांवर बसायची, दवानं तिथंच घट्ट व्हायची. शहागंजच्या भाजीबाजारात गिऱ्हाईक जुडी उचलायचं आणि परत टाकायचं. नानांना खोकला जडला. ताडपत्री तरी बांधा, म्हणून मावशी धक्क्यावरच्या दगडूबा मुकादमाला रोज विनवायची. तो म्हणायचा, "बाई, आमच्या बी छातीत हेच जातंय. म्या कुनाला सांगू?"

एका सकाळी नाना वाफ्यातच रक्त ओकून पडले. मावशीनं फावडं उचललं. मी मागं पळाले. "बंद करा!" ओरडत तिनं पहिल्याच गोणीत फावडं घातलं. दगडूबानं तिचा दंड धरला, तशी ती गर्रकन फिरली… पातं त्याच्या डाव्या डोळ्यावर बसलं. हमाल तिच्यावर तुटून पडले. लाथा घातल्या, उचलून खाली रुळांत फेकलं. खुबा मोडला. दुपारी त्यांनी मळ्यातली मोटर फोडली, खोपी पेटवली आणि विझवायला धावलेल्यांवर दगड फेकले.

थंडीत नाना गेले. करपलेल्या मळ्यात पुढं ट्रक उभे राहायला लागले. मावशीनं तिथंच कडेला चहाची टपरी टाकली. बऱ्याच वर्षांनी दगडूबा आला, काठी टेकत. मी तिथंच होते. मावशी त्याच्या डाव्या डोळ्याच्या खाचेकडं बघत राहिली.

"माझा नेम चुकला नव्हता, दगडूबा. तुलाच मारलं म्या."

"ठावं हाय."

"पर मानूस चुकला."

"व्हय." तो बाकावर टेकला. "ज्याला मारायचं, त्यो कधी धक्क्यावर आलाच नाय."

मावशीनं त्याच्यापुढं चहा ठेवला. त्यानंतर तो रोज यायला लागला.

आता टपरी मावसभाऊ चालवतो. मालगाडी लागली की उकळत्या पातेल्यावर ओलं फडकं पसरायचं, ही मावशीची सवय. परवा मी गेले, तेव्हा गाडी लागली. भाऊ ड्रायव्हरांशी बोलत होता. दगडूबा बाकावरून उठला, चाचपडत फडकं शोधलं, पिळलं आणि पातेल्यावर नीट पसरलं… चारी कोपरे ओढून.