खोपीतली पेल्यांची उतरंड

मी शिकवते त्या शाळेतल्या एक बाई सुट्टीत कुठल्याशा डोंगरावर लाकडी खोलीत राहून आल्या आणि पुढचा आठवडाभर त्यांनी आम्हाला फोटो दाखवले. लाकडाच्या भिंती, लाकडाचा ओटा, समोर झाडं. दर फोटोला त्या म्हणायच्या, किती शांत वाटतं हो तिथं. मी तोंडदेखलं कौतुक केलं, पण मनात म्हटलं, यात काय एवढं? असली खोली आमच्या अण्णांनी लातुरात कधीच बांधून ठेवली होती. फक्त त्यांनी ती शांततेसाठी नव्हे, भीतीपोटी बांधली होती.

अण्णा म्हणजे माझे वडील, शाळेत गणिताचे मास्तर. त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्या घराला एक भेग तेवढी पडली. पण दुसऱ्या दिवशी अण्णा इतर शिक्षकांबरोबर पडलेल्या गावांत मदतीला गेले. तिथं काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. परत आले आणि स्लॅबखाली अंथरूण घालायचंच बंद केलं. तो हिवाळा त्यांनी अंगणात कुडकुडत काढला. मग गावाबाहेरच्या आमच्या शेताच्या तुकड्यात, हिमायतनगरच्या वखारीतून सागाचे वासे नि फळ्या आणून, खोपी उभी केली. फळ्यांच्या भिंती, पुढे ओटा, वर गवताचं छप्पर.

"पडलंच तर गवत पडंल अंगावर," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून दिवस घरी नि शाळेत, झोपायला मात्र खोपीत, असा त्यांचा संसार सुरू झाला. गावातले लोक तिला मास्तरांचा बंगला म्हणायचे आणि अण्णा ते खरं कौतुक समजायचे.

त्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचलेली असायची. जमीन हलली की आधी पेले कोसळणार, त्या आवाजानं माणसं जागी होऊन बाहेर पळणार. पुढे लोकांनी पेले मुकाट्यानं फडताळात ठेवून दिले. अण्णांनी ठेवले नाहीत. खोपीतसुद्धा फळीवर उतरंड होतीच, आणि वर त्यांचा नियम होता: पेले पडून बाहेर पळालं की तासभर कुणी आत पाऊल टाकायचं नाही. गवताखालून पळायचं तरी कशाला, असं आई त्यांना विचारायची. एवढे गणिताचे मास्तर, पण हा प्रश्न त्यांना कधी सुटला नाही.

मग लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. अण्णा निवृत्त झाले, आईनं वरच्या खोल्या क्लासच्या मुलींना भाड्यानं दिल्या. मी लग्न होऊन नांदेडला आले होते. माझ्या मुलीला लहानपणापासून डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून अकरावीला तिला आईकडेच ठेवलं. आणि क्लासच्या चाचण्यांच्या धास्तीनं तिची झोपच उडाली. आईनं दुधात जायफळ उगाळून दिलं, डोक्यावर तेल थापलं. काही उपयोग नाही. शेवटी पोरगी फोनवर रडली, मला परत ने म्हणाली. माझा जीव तुटत होता. आणलं तर ती स्वतःला हरलेली समजणार, ठेवलं तर आजारी पडणार. अर्धापूरची केळी घेऊन मी लातूर गाठलं ते तिला रविवारी परत आणायचं ठरवूनच.

रविवारी आई म्हणाली, जायचंच आहे तर आज खोपीवर जेवून जा. धपाटे, दही, वर केळी. वारा गवतातून सळसळत होता, बांधावर कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. जेवण झाल्यावर पोरगी घोंगडीवर पाच मिनिटं पडते म्हणाली आणि बघता बघता तिला गाढ झोप लागली. आम्ही तिघं नुसते तिच्याकडे बघत बसलो. किती दिवसांनी झोपली होती बिचारी. आईनं डोळे पुसले, मीही पुसले.

तेवढ्यात फळीवरचे सगळे पेले धडाधड खाली आले.

आम्ही पळालो. कसलाही विचार न करता पळालो, आणि सर्वांत पुढे होती आई, हातात अर्धं सोललेलं केळं घेऊन. बांधावरच्या कडुलिंबाखाली पोचल्यावर मला भान आलं की पोरगी आतच आहे. मी वळले, तर अण्णा माझ्याआधीच आत शिरले होते. तासाचा नियम त्यांनीच केलेला, आणि ते क्षणभरही थांबले नव्हते.

मी दारात पोचले. अण्णा तिच्यावर ओणवे झाले होते, दोन्ही हात जमिनीला टेकून, पाठ छपराकडे करून. डोळे घट्ट मिटलेले. खाली पोरगी तोंड उघडं टाकून झोपली होती. आणि वर वाशावर एक खार शेपटी झटकत आमच्याकडे बघत होती.

आई तोंडात पदर कोंबून हसली. अण्णा हळूच उठले, पेले गोळा करू लागले. मला हसू येत होतं आणि रडूही. इतकी वर्षं मला वाटायचं, हा माणूस फक्त भितो.

ऊन कललं तेव्हा पोरगी उठली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, निघायचं ना नांदेडला? तिनं घोंगडीची घडी घातली. मग आजोबांना म्हणाली, "मी इथंच झोपायला येऊ का रोज?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "पहाटेचा क्लास कसा गाठशील इथून?" आणि खाली बसून त्यांनी वळकटी बांधायला घेतली. "चल, मीच येतो घरी."

आईचा हात डब्यावरच थांबला. स्लॅबखाली का, असं तिनं अगदी हळू विचारलं.

"हाव. पण पेले घ्या संगं. उशाशी लागतील."

मी एकटीच नांदेडला परतले. सोमवारी सकाळी फोन केला आणि झोपली का ती, असं विचारलं.

"दोघंबी ढाराढूर," आई म्हणाली. "मीच तेवढी जागी होते, पेल्यांकडं बघत."