निळा की पांढरा

चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे बसणाऱ्या बाईला सगळे ताईच म्हणत. वयाने मोठे असलेले दुकानमालक काकासुद्धा. वाकड्या दांड्या सरळ करणं, हट्टी गिऱ्हाइकाच्या गळी त्याला शोभेल तीच फ्रेम उतरवणं, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. फक्त उजवं-डावं आलं की तिची गाडी अडायची. समोरच्या माणसाचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो, हे इतक्या वर्षांनंतरही ती मनात घोकून घ्यायची.

त्यात काकांनी काचांच्या ऑर्डरींसाठी नवा प्रोग्रॅम आणला. वर दोन टॅब, 'उजवा' आणि 'डावा'. खालचं पान दोन्हींचं हुबेहूब सारखं, नुसते रिकामे चौकोन. एक टॅब निळा, एक पांढरा. 'पुढे' दाबलं की रंगांची अदलाबदल. यातला उघडा कुठला? निळाच असणार, असं धरून तिने पहिली ऑर्डर भरली, ती नेमकी स्वतःच्या लेकीची.

लेकीचा डावा डोळा लहानपणापासून अधू, मोठ्या नंबराचा. उजवा ठणठणीत, चष्म्याला नावापुरता नंबर. त्या एका डोळ्यावर आईचा सगळा भरवसा.

नवा चष्मा घालून लेक दोन दिवसांत वैतागली. "आई, पायऱ्या तिरक्या दिसतात. डोकं ठणकतंय."

"होईल सवय. बरं, उजवा झाक. कसं दिसतंय?"

"धूसर."

"आता डावा झाक."

"यात तर डोळा ओढल्यासारखा होतोय. नीट काहीच दिसत नाही गं."

म्हणजे उजवाही? ताईने तिचा चष्मा काढून घेतला. चांगला डोळा असा अचानक कसा बिघडेल?

सकाळी दुकान उघडताच तिने तो चष्मा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. उजव्या काचेला मोठा नंबर. आपणच उलटा धरला असेल म्हणून तिने चष्मा फिरवला, परत फिरवला. मग तर आपला उजवा हात कुठला, इथपासून शंका आली.

"काका, जरा बघा हो."

काकांनी ऑर्डरीचा कागद ताडून पाहिला. "बरोबर आहे की. ऑर्डरीत हेच आहे."

"पण डॉक्टरांच्या चिठ्ठीत उलटं आहे!"

"मग तू भरलंस कुठं?"

"निळ्यात."

"मग बरोबर. निळा म्हणजे चालू." काका थांबले. "नाही का?"

"तुम्ही मला विचारताय?"

दोघं पडद्यावर वाकले. काका निळा म्हणत होते, मग पांढरा म्हणाले, मग स्वतःचा चष्मा पुसू लागले. ताईला मात्र टॅबांखालची बारीक रेघ दिसली. निळ्याखाली ती सलग होती. पांढऱ्याखाली तुटली होती. तो टॅब आणि पान एकाच कागदाचे वाटत होते.

"पांढरा वर आहे, काका. निळा मागे."

"म्हणजे रंग लागलाय तो बंद? हे म्हणजे दिवा दिसला की घरात कोणी नाही समजायचं!"

ताईने आधी घरी फोन लावला. "तुझे डोळे होते तसेच आहेत गं."

"मग?"

"काचा इकडच्या तिकडे झाल्यात. माझ्याकडून."

पलीकडे लेक खो खो हसली. "आई, आता तरी नीट भर!"

ताई पुन्हा पडद्यासमोर बसली. 'उजवा' पांढरा होता. तरी पहिला आकडा टाकण्याआधी तिने एक हात हळूच स्वतःच्या उजव्या डोळ्यावर ठेवला.